मळ्याच्या फाटकाची जोडचावी

माझ्या नातवाच्या नागपूरच्या घराचं फाटक बटण दाबलं की उघडतं. गाडीत बसल्या बसल्या हातातली डबी समोर धरायची, अंगठा दाबायचा, की फाटक मुकाट्याने बाजूला सरकतं. मागच्या उन्हाळ्यात ती डबी, म्हणजे रिमोट, कुठल्याशा लग्नात हरवली. नवा रिमोट आणायला नातू निघाला तेव्हा मीही सोबत गेलो. म्हाताऱ्याला तेवढंच फिरणं. दुकानदाराने चार तऱ्हेचे रिमोट पुढ्यात मांडले. एक म्हणे जुन्याची हुबेहूब नक्कल करतो, पण त्यासाठी जुना हाताशी हवा. दुसऱ्याची फाटकाच्या पेटीशी नव्याने ओळख करून द्यावी लागते. कोणता घ्यावा हे नातवाला कळेना. तेव्हा दुकानदाराने विचारलं, "आधीचा बिघडला का हरवला?"

मला हसू फुटलं. बिघडला असेल तर नुसता जोड घ्या, हरवला असेल तर पेटीतून जुन्याची ओळख पुसून टाका, नाहीतर ज्याला सापडेल तो तुमचं फाटक उघडेल, असं तो पोरगा समजावून सांगत होता. आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. हाच प्रश्न विचारण्यात माझा उभा जन्म गेला. फक्त माझ्या हातात रिमोटऐवजी चावी असायची.

"आजोबा, हसता काय?" नातवाने विचारलं. सांगायला सुरुवात केली, पण घर फार लवकर आलं. या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा' म्हणून आग्रह धरला तेव्हा म्हटलं, राहिलेलं इथेच सांगून टाकू.

आमचं दुकान कारंज्यात, धान्यबाजाराच्या तोंडाशी. दुकान म्हणजे एक फळी, फळीवर चावी घट्ट धरणारा शिकंजा, डोक्यावर पत्रा आणि मागच्या भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या कोऱ्या चाव्या. ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आमचा सगळा मुलूख अकोल्यात मोडायचा. मी उस्तादांच्या हाताखाली शिकलो. अख्खा बाजार त्यांना उस्तादच म्हणायचा, मीही तेच म्हणतो.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कुलपाच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, एकीवर एक रचलेल्या. चावीचा एकेक दात एकेक पट्टी उचलतो, प्रत्येकीला तिच्या ठरलेल्या उंचीपर्यंत. सगळ्या आपापल्या जागी आल्या की आतला बोल्ट सरकतो आणि कुलूप 'खट्' म्हणतं. एखादी जरा खाली राहिली तर कुलूप ढिम्म हलत नाही. आता जुनी चावी जवळ नसताना नवी करायची तर चिमणी पेटवायची, तिच्या धुरावर कोरी चावी धरून काळी करायची, कुलपात घालून हलक्या हाताने फिरवायची आणि बाहेर काढून बघायची. पट्टी जिथे घासते तिथली काजळी निघून धातू चमकतो. तिथे कानस मारायची. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप, पुन्हा कानस. डोळ्यांपेक्षा बोटांचं काम जास्त. आणि कानांचं. माझी बायको म्हणायची, तुम्हाला घरच्या माणसांपेक्षा कुलपांचं बोलणं जास्त ऐकू येतं. खोटं नव्हतं ते. तिची पहिली हाक मला कधीच ऐकू आली नाही.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला. चावी तुटली का हरवली? उस्ताद म्हणायचे, "टूटी तो जोड, खोई तो मोड." तुटली असेल तर तिच्यासारखीच दुसरी, म्हणजे जोडचावी करून द्यायची. हरवली असेल तर कुलूप खोलून आतल्या पट्ट्यांची मांडणी मोडायची, नवी मांडायची आणि तिला नवी चावी करायची. हरवलेली चावी कुठेतरी, कोणाच्या तरी हातात असतेच, असं ते धरून चालायचे.

त्यांचे आणखीही कायदे होते. ठशावरून चावी करायची नाही, हा एक. एकदा वाशीमजवळच्या मालेगावकडचा एक झुपकेदार मिशांचा गृहस्थ साबणाची वडी घेऊन आला. वडीवर चावीचा छान ठसा उमटवलेला. म्हणे, सासऱ्याच्या पेटीची हाये, सासरे आजारी हायत, त्यायले येता येत नाही. उस्तादांनी वडी निरखून पाहिली, उठले, रांजणापाशी गेले आणि त्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पाय धुतले, तोंड धुतलं. मग उरलेली चकती त्याच्या हातात ठेवून म्हणाले, "साबन अच्छा है. अब ससुरजी को लेके आओ." सासरेबुवा काही आले नाहीत, आणि जावईबापूही पुन्हा दिसले नाहीत.

दुसरा कायदा, नवी चावी पहिल्यांदा मालकाच्याच हाताने फिरली पाहिजे. हाही मी कधी मोडला नाही. कारंज्यातल्या एका शेठजींनी चावी हरवली म्हणून सगळं घर डोक्यावर घेतलं होतं. मी त्यांच्या तिजोरीसमोर घाम गाळून चावी केली आणि म्हटलं, "शेठजी, पयले तुमी फिरवा." शेठजी वाकले, तर जुनी चावी त्यांच्याच गळ्यातल्या दोऱ्याला लोंबकळत सदऱ्याबाहेर आली. क्षणभर आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. मग शेठजी म्हणाले, "आता आलाच हायेस तर बिजागऱ्यायले तेल लावून जाय."

तिसरा कायदा मला खुळचट वाटायचा. मळ्यांच्या, गोदामांच्या फाटकात जडवलेली मोठी कुलपं दोन्ही बाजूंनी उघडायची. भोक आरपार, एकच चावी आतूनही चाले आणि बाहेरूनही. अशा कुलपात चावी घालण्याआधी उस्ताद फाटकावर दोनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "अंदर कोई है?" कारण साधं होतं. त्याच वेळी पलीकडून कोणी चावी घातली तर दोन्हींची टोकं मधे भिडतात, पट्ट्या अडकतात, दात मोडतो. पण हे ज्या गोदामाला बाहेरून कडी घातली आहे, त्यालाही विचारायचे. मी हसलो की म्हणायचे, "पूछने में क्या जाता है?" पुढे त्यांचं पाहून मलाही ती खोड जडली. उस्ताद गेल्यावरही ती सुटली नाही. आज जे सांगायला बसलो आहे ते त्या खोडीमुळेच घडलं.

मंगरूळपीरच्या रस्त्याने जाऊन आत वळलं की एक गाव लागतं. नाव सांगत नाही, त्या घरची माणसं अजून तिथे नांदतात. चैत्र सरत आला होता. शामराव नावाचे एक शेतकरी सकाळीच बैलांची दमणी जुंपून दुकानासमोर येऊन उभे राहिले. अंगाने दणकट, पण चेहरा झोप न झाल्यासारखा.

"मिस्तरी, आमच्या मळ्याच्या फाटकाची चावी पाह्यजे. कुलूप फाटकातच जडेल हाये, तुमालेच यावं लागते."

"तुटली का हरपली?" मी सवयीने विचारलं.

शामराव बैलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चावी घेऊन मानूसच गेला."

वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. माधवराव त्यांचे थोरले भाऊ. मळा त्यांनी उभा केलेला. डोक्यापेक्षा उंच भिंत, तिच्यावर काटेरी तार, जाड पत्र्याचं फाटक, आत विहीर आणि संत्र्याची झाडं. संत्र्यांवर त्यांचा फार जीव. दोन उन्हाळे लागोपाठ कडक गेले, विहीर आटली, झाडं उभ्या जागी वाळली. माणूस बोलेनासा झाला. अशाच एका दिवशी, भर दुपारी, शेजारच्या वावरातल्या बायांना मळ्याचं कुलूप लागल्याचा आवाज आला. 'खट्'. माधवराव कुलूप आतून लावत होते का बाहेरून, ते कोणीच पाहिलं नव्हतं. त्यानंतर ते कोणालाच दिसले नाहीत.

"शिडी लावून आत उतरलो आमी," शामराव म्हणाले. "इहिरीत उतरलो, गाळ उपसला. गवताची काडी अन काडी पाह्यली. मानूस नाही, चावी नाही. कोनी म्हने बैराग्याइसंग गेला, कोनी म्हने अडान नदीच्या डोहात गेला. याले आता बारा वर्सं झाले."

बारा वर्षं म्हटल्यावर पुढचं मला सांगावं लागलं नाही. आमच्या भागातली रीत आहे. घरातून गेलेला माणूस बारा वर्षांत परतला नाही की पळसाच्या पानांचा माणूस करतात, नारळाचं डोकं लावतात आणि त्याला अग्नी देतात. सुतक धरतात, तेरवी घालतात. त्या दिवशी त्याची बायको कुंकू पुसते.

"आज आमुशा हाये, आजच कराचं हाये," शामराव म्हणाले. "सारे सोयरे येऊन बसले. पन वयनी आयकत नाही. म्हने, फाटक त्यायनं लावलं, ते उघडल्याबिगर मी कुंकू पुसत नाही. अन कुलूप फोडूबी देत नाही. एक डाव मी घन घेऊन गेल्तो, तर फाटकाले पाठ लावून बसली. म्हने, पयले माह्या डोक्शात घाला."

"मंग आता चावी कराले कशा तयार झाल्या?"

"चावी म्हंजे फोडनं नोहे म्हनते." शामरावांनी बैलांच्या शेपटाला हात घातला. "मी काई तिचा वैरी नाही, मिस्तरी. मले वाटते, एकडाव सुटू दे तिले. रोज दुपारच्याले त्या फाटकापाशी जाऊन बसते. लोकं काय काय बोलून राह्यले."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन ऐन डोक्यावर आलं होतं. मळ्याबाहेर कडुनिंब होता. त्याच्या सावलीत पाच-सात माणसं बांबूच्या चौकटीवर पळसाची पानं बांधत बसली होती. हात झाले होते, पाय झाले होते. नारळ बाजूला मातीत ठेवला होता. शेंडी आणि तीन डोळे असलेला साधा नारळ, पण मी त्याच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

फाटकाशी एक बाई उभी होती. ह्याच त्या वयनी, सरूबाई, माधवरावांची बायको. पस्तिशीच्या असतील. कपाळभर कुंकू, आणि ते त्या दिवशी मुद्दाम ठसठशीत लावलेलं. मी पेटी खाली ठेवली तशा त्या म्हणाल्या, "मिस्तरी, एक इचारू? तुमी चावी केल्यावर त्यायच्याजवळची जुनी चावी चालन का?"

"जोडचावी केली तर चालन. आतल्या पट्ट्या बदलल्या तर नाही चालनार."

"बदलूनच टाका," कडुनिंबाखालून शामराव म्हणाले. "हरपेल चावी कोनाच्या हातात असन, काय सांगता येते? उद्यापासून मळा कसाचा हाये."

उस्तादांच्या कायद्याने शामरावांचंच बरोबर होतं. खोई तो मोड. पण सरूबाई शांतपणे म्हणाल्या, "हरपली नाही ते. त्यायच्याजवळ हाये."

दोघंही माझ्याकडे बघू लागले, जसा काही निवाडा मीच करणार होतो. मी आपली धंद्यातली पळवाट काढली. म्हटलं, पट्ट्यांचे स्क्रू फाटकाच्या आतल्या अंगाने आहेत. आधी चावी करून फाटक उघडू, मग काय ते ठरवा.

फाटकाच्या दोन्ही झडपांवरून गुळवेल चढली होती. एका झडपेवरून दुसरीवर गेलेले तिचे वेढे मनगटाएवढे जाड झाले होते. एकही तुटलेला नव्हता. फाटक बारा वर्षांत कोणी उघडलं नाही, हे शपथेवर सांगता आलं असतं. मी धोतराच्या सोग्याचा आडोसा करून चिमणी पेटवली, कोरी चावी टोकापर्यंत काळी केली. मग सवयीने पत्र्यावर दोनदा टकटक केली.

"आत कोनी हाये का?"

कडुनिंबाखाली कोणीतरी फिसकन हसलं. सरूबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, "धंद्याची रीत हाये बाई. दोनतोंडी कुलपाले इचारा लागते."

"बारा वर्सांत कोनंच असं इचारलं नाही," त्या म्हणाल्या. "म्याबी नाही."

भिंतीपलीकडे कुठेतरी होला घुमत होता. दुपारच्या वेळी तो आवाज नेहमीचाच. पण मी चावी भोकाशी नेली आणि तो थांबला.

मी गंजाची तयारी ठेवून आलो होतो. घासलेटची बाटली, पातळ पाना, सगळं. त्यातलं काहीच लागलं नाही. चावी लोण्यात जावी तशी आत गेली. जवसाच्या तेलाचा वास आला. "दर शनवारी पिसानं तेल सोडतो मी," सरूबाई म्हणाल्या. "कुलूप धरून बसलं तर त्यायले बाहेर उभं राहा लागन."

तेलाने गंज थांबतो, हे खरं. पण तेलाने पट्ट्या झिजत नाहीत. हाताला लागत होत्या त्या पट्ट्या बाजारातल्या रोज उघडणाऱ्या कुलपासारख्या गुळगुळीत होत्या. मी चावी काढून पाहिली. काजळीत उमटलेल्या खुणा स्वच्छ, ताज्या. कानस मारली, पुन्हा काजळी धरली, पुन्हा घातली. पहिला दात झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. शेवटचा एकच उरला होता. त्याची खूण घ्यायला मी पुन्हा टोकापर्यंत काजळी धरून चावी आत घातली आणि बोटं सैल ठेवून थांबलो.

तेव्हा पलीकडून काहीतरी येऊन माझ्या चावीच्या टोकाला टेकलं.

धातूला धातू टेकला की जो बारीक आवाज येतो तो आवाज. हे मी जन्मभर ऐकलं आहे, त्यात माझी चूक होणं शक्य नाही. मग माझ्या बोटांतली चावी आपली आपण फिरू लागली. जोर नव्हता. झोपेतलं मूल कूस बदलतं इतक्या हळू ती फिरली. आत पट्ट्या एकेक करून वर गेल्या, मला प्रत्येक कळली, शेवटचीसुद्धा. आणि कुलूप म्हणालं, 'खट्'.

टोकावरचा दाब निघून गेला. मी चावी बाहेर ओढली. चावीच्या अगदी टोकाला, जिथे कुलपातली कुठलीच पट्टी पोचत नाही, तिथली काजळी गोल पुसली गेली होती.

शामराव आणि पाहुणे कडुनिंबाखाली नारळ बांधण्यात गुंतले होते. त्यांना ऐकू गेलं नाही. सरूबाईंना गेलं.

"उघडलं?"

"उघडलं."

"तुमी उघडलं?"

मी चावीकडे बघितलं. खोटं बोलता आलं असतं. पण मी म्हणालो, "शेवटला दात अजून कराचा हाये, बाई."

त्यांना कळलं. ओरडल्या नाहीत, मागे सरल्या नाहीत. पदर सारखा केला, कोणी मोठं माणूस समोर आल्यावर करतात तसा. मग माझ्याजवळ बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मंग तो दात करून द्या. चावी पूरी करून द्या."

भीती वाटली का, तर वाटली. आजवर पुन्हा तशी वाटली नाही. पण कानस हातात आली की हात आपलं काम करतात. शेवटचा दात मी करून दिला. तोवर शामराव आले आणि चावीसाठी हात पुढे केला. मी चावी सरूबाईंना दिली. म्हटलं, "मालकाच्या हातानं फिरवा लागते. अन कुलूप दोनतोंडी हाये, आतूनबी लावून पाहा लागन." मालक कोण, हे ठरवायचा मला काडीचा अधिकार नव्हता. तरी दिली.

विळ्याने गुळवेल कापली. फाटक कुरकुरत आत गेलं. आत कंबरेएवढं वाळलं गवत, त्यात संत्र्याची करडी खोडं, मधे विहीर. एवढंच. पण फाटकाच्या लगेच मागे, कुलपासमोर, दोन पावलं मावतील एवढ्या जागेत गवताची काडी नव्हती. माती सारवल्यासारखी गुळगुळीत झाली होती. शामरावांनीही ती पाहिली. "मुंगूस बसत असन," ते म्हणाले.

सरूबाई आत गेल्या, नेमक्या त्या जागेवर उभ्या राहिल्या. "लावून पाहातो," म्हणाल्या. फाटक लोटलं. आतून कुलूप लागलं, 'खट्'.

मग काहीच नाही. होला नाही, वारा नाही.

"वयनी, लागलं न? उघडा आता," शामराव म्हणाले.

आतून बोलण्याचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. आवाज एकट्या सरूबाईंचाच होता. पण त्या थोडं बोलायच्या, थांबायच्या, मग पुन्हा बोलायच्या. कोणाचं तरी ऐकून घेत असल्यासारख्या. एकदा त्या हसल्या. लाजून हसतात तसं. शामरावांनी फाटकावर मारायला मूठ उचलली, ती तशीच हवेत राहिली, मग खाली आली. कडुनिंबाखालची माणसं उठून उभी राहिली होती. पुढे कोणी आलं नाही. नंतर आतून रडणं ऐकू आलं. फार वेळ नाही. कुलूप पुन्हा 'खट्' म्हणालं आणि फाटक उघडलं.

सरूबाईंचं कपाळ रिकामं होतं. पदराचं टोक लाल झालं होतं. बारा वर्षं ज्यासाठी गावाशी भांडल्या ते कुंकू त्यांनी कोणी न सांगता आपल्या हाताने पुसलं होतं. हातात दोन चाव्या होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आता करा तुमाले कराचं ते. त्यायची चावी गवतात पडेल होती."

शामरावांनी जुनी चावी उलटीपालटी करून पाहिली. "आमी तवा काडी अन काडी चाळली होती. काहून नाही दिसली?"

"गवत हाये बापा, दिसते का?" एक म्हातारा पाहुणा म्हणाला. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. माधवरावांनी बाहेरून कुलूप लावलं, चावी भिंतीवरून आत फेकली आणि परत न येण्यासाठी निघून गेले, असं तिथल्या तिथे ठरलंसुद्धा. माणसाला अशी गोष्ट लवकर ठरवून टाकायची असते. मीही मान हलवली.

उन्हं कलायच्या आत पळसाच्या माणसाला अग्नी दिला. पानं तडतडत जळाली. शामराव थोरल्या भावाच्या नावाने मोठ्याने रडले, अगदी पोटातून. त्यांचंही ते बारा वर्षांचं साठलेलं असणार. सरूबाई शेवटपर्यंत बघत उभ्या होत्या. मळ्याकडे त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. आता तिथे बघण्यासारखं काही उरलं नसल्यासारखं.

मी पेटी आवरत होतो तेव्हा शामराव येऊन म्हणाले, "जुनी सापडली, आता पट्ट्या राहू द्या." मी हो म्हटलं. त्यांच्यामागून सरूबाई आल्या आणि दोन्ही चाव्या माझ्या हातात ठेवल्या. "जुळते का पाहून द्या."

जुनी आणि नवी पाठीला पाठ लावून दाताला दात बघायचा, ही आमची शेवटची तपासणी. मी बघितली. तंतोतंत जुळत होत्या. जुनी चावी गंजलेली नव्हती. रोज वापरातल्या चावीसारखी चकचकीत होती. फक्त तिच्या टोकाला गोल काळा डाग होता. मी अंगठा फिरवला, तो अंगठ्याला लागला. ताजी काजळी होती. माझ्या चिमणीची.

मी वर बघितलं. सरूबाईंनी ती माझ्याआधीच पाहिली होती.

"तुमी इचारलं म्हनून," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मी बारा वर्सं रोज इथं येऊन एकच म्हनत राह्यलो, घरी या, घरी या. आत हायत का, हे मले कधी इचाराचं सुचलंच नाही."

मग त्यांनी जुनी चावी माझ्या हातातून घेतली, टोकाची काजळी पदराच्या लाल झालेल्या टोकाने पुसली आणि त्याच टोकाला चावी गाठ मारून बांधली.